महिन्याला वीस हजार, बस्स!

यंदा पोकर सुधारायचंच असं ठरवलंय ना? मग आधी वही आणा आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘दरमहा नफा ₹२०,०००’. उद्दिष्ट कसं, बघताक्षणी डोळ्यांत भरलं पाहिजे. ‘कॉल करण्याआधी (म्हणजे समोरच्याइतके पैसे भरण्याआधी) दर वेळी पॉटचा, मध्ये जमलेल्या पैशांचा, हिशेब करीन’ असलं काही लिहिलंत, तर घरचेसुद्धा विचारतील, यातून मिळणार काय?

आकडेमोड मात्र करू नका, ती भारी अपशकुनी. शनिवारचा मित्रांचा डाव चार तास चालतो, तासाला जेमतेम पंचवीस हात (पत्त्यांचं एक वाटप म्हणजे एक हात). म्हणजे महिन्याला चारशे. ब्लाइंड (दर हाताला दोघांनी पत्ते बघण्याआधीच भरायच्या सक्तीच्या रकमा) ₹१०-२० चे असतील आणि तुम्ही खरोखरच चांगले, म्हणजे शंभर हातांमागे पाच बिग ब्लाइंड (यातली मोठी रक्कम, इथे ₹२०) कमावणारे असाल, तर महिन्याची हक्काची कमाई झाली ₹४००. उलट तेवढ्याच हातांत नुसत्या पत्त्यांच्या लहरीने ₹३,६०० इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. एवढ्या चांगल्या खेळाडूचेही शंभरातले पंचेचाळीसेक महिने तोट्यात जातात. चारशे आणि वीस हजार यांच्यातली तफावत श्रद्धेने भरून काढायची.

पूर्वी ऑनलाइन चार टेबलं एकदम उघडून दहा हजार हात महिन्याभरात उरकता यायचे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर तुमच्या शनिवारच्या डावात त्यालाच पंचवीस महिने लागतील. म्हणजे तुम्ही चांगले आहात की नाही, याचा पुरावा दोन वर्षं तरी कुणी मागू शकत नाही. केवढी सोय!

पुढचा संकल्प: एका रंगाची दोन पानं आली की टाकायची नाहीत. बदाम गुलाम आणि बदाम तिर्री? खेळा. अशी पानं ११९ वेळा खेळलात की साधारण एकदा फ्लॉपवरच (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांतच) फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, लागतो. त्या वेळी दुसऱ्या कुणाचा फ्लश बदाम राणीमुळे मोठा निघाला, तर तो तिचा आगाऊपणा.

फ्लॉपवर फ्लशला एक पान कमी असेल तेव्हा खरी कसोटी. पॉटमध्ये हजार आहेत, समोरच्याने पाचशे टाकले. तुमच्यासकट दोन हजारांच्या पॉटसाठी तुम्ही पाचशे भरणार, म्हणजे पंचवीस टक्के संधी हवी. उपयोगी, म्हणजे तुमच्या रंगाची उरलेली, पानं नऊ. नऊला चाराने गुणा, छत्तीस टक्के आले, कॉल! चाराचा गुणाकार समोरचा ऑल-इन (जवळचे सगळे पैसे लावून बसलेला) असेल आणि पुढची दोन्ही पानं आणखी पैसे न भरता दिसणार असतील तेव्हाचा. टर्नवर (चौथ्या पानावर) पुन्हा खिशात हात घालायचा असेल तर दोनानेच गुणायचं, असं शहाणे सांगतात. पण दोनाने गुणलं की अठराच येतात. फ्लश लागल्यावर समोरचा पुढे किती भरेल याचा अंदाज घेत बसावं लागतं, पाचशे तसेच हातात राहतात आणि संध्याकाळ फुकट जाते.

नोंदी जरूर ठेवा, पण निवडक. जिंकलेली संध्याकाळ पैशासकट लिहायची. हरलेली ‘टाइमपास’ या सदरात. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर गेलात तर प्रवेशाचे पैसे सहलीच्या खर्चात टाका. दर पॉटमधून कॅसिनोसाठी कापला जाणारा रेक तर लिहूच नका, तो आपल्याला दिसतच नाही. एक्क्यांची जोडी घेऊन राजांच्या जोडीपुढे हरलात की तो हात मात्र तपशीलवार उतरवा आणि भेटेल त्याला ऐकवा. असं शंभरात अठरा वेळा होणारच, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असलं तरी थांबू नका. चुकीचा कॉल करून जिंकलेले हात? त्यांत तपासण्यासारखं काय आहे!

शेवटच्या पानावर ‘२ बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) गेले की उठायचं’ असा नियम लिहायची पद्धत आहे. लिहा. रात्री दीड वाजता तिसरा बाय-इन मागताना तो आडवा आला, तर खोडाखोड करायची गरज नाही. दोनापुढे एक शून्य काढा. नाहीतरी गाठीशी वीस बाय-इन हवेत असं जाणकार सांगतातच.