रिकाम्या खाटांचा हिशेब मागणाऱ्यांनो

सोलापुरात जुन्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "निम्मे वर्ष तिथल्या खाटा रिकाम्याच असायच्या, नुसता पैशांचा चुराडा!" हे ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझी आई १९५० च्या दशकात अशाच एका रुग्णालयात परिचारिका होती, आणि हाच टोमणा तिने नोकरीभर ऐकला.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, वॉर्डात खाट मोकळी आहे म्हणून देवीचा रोगी तिथे घालता येत नव्हता, आणि घटसर्पाने घशात पडदा धरलेले मूल देवीच्या रोग्याशेजारी निजवता येत नव्हते, एवढी साधी गोष्ट या शहाण्यांच्या डोक्यात का शिरत नाही? देवीच्या रोग्याला शेवटची खपली गळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, वेगळेच ठेवावे लागे. पटकीत मात्र सगळा खेळ तासांचा होता. जोराची लागण झाली की अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते, नाडी लागेनाशी होते, शिरा आत ओढल्या जातात, आणि मग घोट्याजवळची कातडी कापून शीर शोधावी लागते. क्षार-साखरेचे पाणी तोंडाने देण्याचा उपचार रूढ व्हायला १९७० चे दशक उजाडले. तोपर्यंत सारी भिस्त सलाईनच्या काचेच्या बाटल्यांवर आणि उकळून घेतलेल्या रबरी नळ्यांवर होती. मधोमध भोक पाडलेली खाट, तिच्याखाली बादली, आणि त्या बादलीत किती गेले ते मोजून तेवढे सलाईन चढवणारी परिचारिका, ही व्यवस्था रोगी दारात आल्यावर उभी करायची होती काय?

त्यात पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आषाढीपूर्वी वारकऱ्यांना लस टोचली जाई, विहिरींत औषध टाकले जाई, तरी पटकीच्या साथीची धास्ती असेच.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो काटकसरीच्या त्या प्रकाराचा. साथ ओसरली की रोजंदारीवरच्या आया आणि सफाई कामगार पहिल्यांदा कमी केले जात. बादली कशी उचलायची, रोग्याची चादर कुठे भिजवायची, हात केव्हा धुवायचे हे अंगवळणी पडलेली माणसे घरी बसवली जात, आणि पुढची साथ आली की भरल्या वॉर्डात, रोग्यांच्या जिवावर, आईला नव्या माणसांना ते सारे पहिल्यापासून शिकवावे लागे.