घरोबा नको, हे कुठून आलं?

"बाहेरच्यांशी ओळख ठेवावी, पण घरोबा नको, त्याने विश्वास पातळ होतो" हे ख्रिस्ती माणसाने इतर धर्माच्या लोकांशी कसं वागावं यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. बायबलमध्ये करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने नेमकं उलट लिहिलंय (1 करिंथ 5:9-11). संगत धरू नका म्हटलं ते मंडळीतच (म्हणजे चर्चमध्येच) राहून वाईट वागणाऱ्यांबद्दल. जगातल्या सगळ्यांना टाळायचं तर जगातूनच निघून जावं लागेल, असं तो म्हणतो. पुढे दहाव्या अध्यायात तर विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढे वाढलेलं खा, अशी सरळ मुभा आहे. नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर मात्र खाऊ नका, हेही तिथेच.

आम्ही म्हापशाजवळ राहतो. चवथीला शेजारी माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला मी हमखास असतो, आरतीला थांबत नाही. त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं आठवत नाही. उलट शेजारच्या काकी नेवऱ्या तळतानाच आमचा डबा वेगळा भरतात, वर सांगतात, "हा देवाला दाखवलेला नाही हां, खुशाल खा." नाताळात आमचा दोदोल (गूळ-नारळाची गोव्याची मिठाई) त्यांच्याकडे जातो. (गूळ कमी पडला तर तेही ऐकवतात!)

माझ्या सचोटीची परीक्षा काकींच्या ओट्यावर कधी झालीच नाही. झाली ती आपल्याच मंडळीतल्या एका गृहस्थाने खरेदीखतात घराची किंमत कमी दाखवू या, बाकीचे रोख द्या, असं सुचवलं तेव्हा. त्या प्रकाराबद्दल लेखात एक ओळही नाही.