अकरा देशांच्या शास्त्रज्ञांनी गोळ्या बंद करायला सांगितलेलं नाही

माझ्या मामाने गेल्या महिन्यात रक्तदाबाची गोळी बंद केली. कुणाला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी डोकं जड वाटायला लागलं म्हणून शेजारच्या मुलाने मशीन लावून पाहिलं, तर वरचा आकडा १८४ आणि खालचा १०६. मामीने घाबरून मला फोन केला. मी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "अगं, युरोपात सिद्ध झालंय. आपल्या घराण्यात जीनच तसे आहेत. आई चौऱ्याण्णव वर्षं जगली की नाही?"

हे 'सिद्ध' झालंय व्हॉट्सअ‍ॅपवर. तो लांबलचक मेसेज मला आत्तापर्यंत तीन ग्रुपांवर आलाय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय ते असं: युरोपातल्या ११ देशांनी मिळून नव्वदी ओलांडलेल्या भावंडांचा अभ्यास केला आणि दीर्घायुष्याचा जीन सापडला. माणसाचं ९० टक्के आयुष्य जन्मालाच ठरलेलं असतं. आई किंवा वडील ८५ च्या पुढे जगले असतील तर हा जीन तुमच्यात असतोच, त्यामुळे बीपी-शुगरच्या गोळ्यांची तुम्हाला गरज नाही, उलट गोळ्या त्या जीनला 'झोपवतात'. अशा घराण्यातली माणसं रोगाचे जीन घेऊन जन्मतच नाहीत. मध्ये ऋषिमुनींबद्दल चार ओळी. आणि शेवटी थुंकी तपासून 'तुमचं आयुष्य किती' ते सांगणाऱ्या एका चाचणीची लिंक.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा अभ्यास खरोखर झालेला आहे, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. निव्वळ थाप असती तर मामाने ती वाचून सोडून दिली असती. इथे शेकडो लोकांच्या मेहनतीचं नाव वापरून त्यांच्या तोंडी त्यांनी कधीच न म्हटलेली वाक्यं घातली आहेत.

अभ्यासाचं नाव 'जेनेटिक्स ऑफ हेल्दी एजिंग', संक्षेपाने 'गेहा'. युरोपीय संघाच्या पैशांतून २००४ साली पाच वर्षांसाठी तो सुरू झाला. सूत्रं इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या क्लाउदिओ फ्रान्चेस्कींकडे होती. एकूण २५ संस्था, त्यांतल्या २४ युरोपातल्या आणि एक बीजिंगची. फिनलंड, डेन्मार्कपासून ग्रीस, इटलीपर्यंत आणि आयर्लंडच्या उत्तर टोकापासून युक्रेनपर्यंत ११ देशांत त्यांनी अशी घरं शोधली जिथे सख्खी भावंडं दोघंही नव्वदीच्या पुढे जिवंत आहेत.

भावंडंच का? सख्ख्या भावंडांमध्ये गुणसूत्राच्या (ज्यावर जीन ओळीने बसलेले असतात त्या धाग्याच्या) कुठल्याही एका जागी आई-वडिलांकडून आलेला वारसा सरासरी निम्मा सारखा असतो. आता नव्वदी ओलांडलेल्या हजारो जोड्या घ्या आणि गुणसूत्रं एका टोकापासून तपासत जा. एखाद्या जागी या जोड्यांमधला सारखेपणा निम्म्याहून ठळकपणे जास्त दिसला, तर त्या जागेत दीर्घायुष्याशी नातं असलेलं काहीतरी असावं. पद्धत इतकी साधी आणि सुंदर आहे की मी ती वर्गात शिकवते.

निष्कर्ष २०१३ साली 'एजिंग सेल' या नियतकालिकात आले. नेदरलँड्समधल्या लायडनच्या मारियान बीकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध या सगळ्या मेसेजचं मूळ आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकानेही तो उघडून पाहिलेला नाही, हे मी खात्रीने सांगते. भावंडांच्या २,११८ जोड्या तपासल्या गेल्या आणि चार जागा पुढे आल्या: एक चौदाव्या गुणसूत्रावर, एक सतराव्यावर, दोन एकोणिसाव्यावर. या चारांपैकी फक्त एका जागेचं कोडं सुटलं. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या त्या जागी 'एपीओई' नावाचं जनुक, म्हणजे जीन, बसलेलं आहे. उरलेल्या तीन जागांचं स्पष्टीकरण लोकांमध्ये नेहमी आढळणाऱ्या जनुकीय बदलांनी होईना. तिथे बहुधा विरळ, घराण्याघराण्यात वेगळे असे बदल काम करत असावेत, असं लेखकांनी सुचवलं आणि तिथे थांबले.

मग 'दीर्घायुष्याचा जीन सापडला' हे कुठून आलं? एपीओई तर माझ्यात आहे, तुमच्यात आहे, प्रत्येकात आहे. त्याचे तीन प्रकार सर्रास आढळतात: ई-२, ई-३ आणि ई-४. ई-४ असलेल्यांना अल्झायमरचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त, त्यामुळे नव्वदीपर्यंत पोचलेल्यांमध्ये ई-४ कमी दिसतो आणि ई-२ जास्त. म्हणजे यातला मोठा भाग 'काहीतरी दैवी लाभलं' असा नाहीच, 'एक धोका टळला' असा आहे. आणि तो नवा शोधही नव्हे. फ्रान्समधल्या शंभरी गाठलेल्या लोकांमध्ये हेच १९९४ साली दिसलं होतं. इतके देश, इतकी वर्षं, इतके वृद्ध, आणि हाती ठामपणे लागलं ते आधी माहीत असलेलं एक जनुक. शास्त्रज्ञांनी ते प्रामाणिकपणे छापलं, याचं मला कौतुक आहे. मेसेजवाल्याला तेवढ्याने भागेना.

आता गोळ्यांकडे येते. बाकी मुद्दे चुकीचे आहेत, पण या एका मुद्द्याने माणूस मरू शकतो.

गेहाच्या निबंधात रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्याबद्दल एक वाक्य नाही. गोळ्या जीनला झोपवतात, असं त्यात काही नाही. मामा जी अ‍ॅम्लोडिपिन घेतो ती रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरण्याची वाट अडवते. स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. गोळी थांबवली की काही दिवसांत दाब पुन्हा चढतो, आणि मामाच्या बाबतीत तेच झालं. या सगळ्यात आजीकडून आलेल्या जनुकाला कुणी झोपवत नाही की उठवत नाही.

आणि 'दीर्घायुषी घराण्यातल्यांना गरज नाही' हे तरी खरं आहे का? लायडनमध्येच अशा घराण्यांचा वेगळा अभ्यास झालाय. ४२१ कुटुंबं, जिथे किमान दोन भावंडं जख्ख म्हातारी होऊनही हयात होती. त्यांची मुलं तेव्हा साधारण साठीच्या घरात होती. त्या मुलांची तुलना त्यांच्याच नवरा-बायकोंशी केली. रक्तदाबाचा विकार जोडीदारांमध्ये २७.५ टक्के, आणि दीर्घायुषी घराण्यातल्या मुलांमध्ये २३ टक्के. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण २३ टक्के म्हणजे जवळजवळ चौघांतला एक! ज्या घराण्यांना मेसेज कवच-कुंडलं बहाल करतोय, त्यांच्या पोरांपैकी चौथ्या माणसाला बीपी आहे. माझा मामा तो चौथा माणूस आहे. त्याला आईकडून काय आलं असेल ते असो, बीपी आलेलं आहे आणि ते मशीनवर दिसतंय.

'एवढं वय झालं, आता गोळी काय करणार' असंही मेसेजखाली एका काकांनी लिहिलंय. त्याचं उत्तर २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेलं आहे. ऐंशी आणि त्यापुढच्या वयाचे, वरचा दाब १६० किंवा जास्त असलेले ३,८४५ लोक, युरोपातले, चीनमधले आणि आणखी काही ठिकाणचे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली, कारण खऱ्या गोळीच्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले होते. पक्षाघाताने होणारे मृत्यू ३९ टक्क्यांनी कमी, हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी. हे ऐंशीच्या पुढच्यांमध्ये. मामा अडुसष्टचा आहे.

'रोगाचे जीन घेऊन जन्मतच नाहीत' हा मुद्दा लायडनच्याच लोकांनी २०१० साली तपासून निकालात काढलाय. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग अशांचा धोका वाढवणारे तोवर माहीत असलेले ३० जनुकीय बदल घेतले आणि मोजले. नव्वदीतल्या भावंडांकडे ते तरुणांइतकेच होते. जास्त नाहीत, कमी नाहीत.

'९० टक्के आयुष्य जन्मालाच ठरतं' हा आकडा कुणी कुठून काढला मला सापडलं नाही. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांवरून १९९६ साली जो हिशेब आला, तो पुरुषांसाठी २६ टक्के आणि स्त्रियांसाठी २३ टक्के. त्यातही २५ टक्के म्हणजे ऐंशी वर्षांतली वीस वर्षं जीनची, असा अर्थ होत नाही. लोकालोकांच्या आयुर्मानात जो फरक दिसतो, त्यातला किती फरक त्यांच्या जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. २०१८ साली कोट्यवधी वंशावळींवरून केलेल्या हिशेबात तर तो दहाच्याही खाली गेला, कारण माणसं आपल्यासारखाच जोडीदार निवडतात आणि त्यामुळे जुना आकडा फुगलेला होता. अलीकडे काहींनी अपघात, साथीचे रोग असे बाहेरून येणारे मृत्यू वगळून पन्नासच्या आसपासचा आकडा मांडलाय. तो वाद चालू आहे, चालू द्या. नव्वद कुणीच म्हणत नाही.

याहून मला पटणारी गोष्ट डेन्मार्कचीच आहे. तिथे १९०५ साली जन्मलेले आणि १९१५ साली जन्मलेले अशा दोन पिढ्या नव्वदीत गाठून तपासल्या. कारे क्रिस्टेन्सेन यांनी २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते मांडलं. जन्मलेल्यांपैकी ९५ वर्षांपर्यंत पोचण्याची शक्यता पहिल्या पिढीत २.९८ टक्के होती, दुसरीत ३.९३ टक्के. दुसरी पिढी ९५ व्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत पहिलीच्या ९३ व्या वर्षापेक्षा सरस ठरली. दहा वर्षांत एका देशाचे जीन बदलत नाहीत. बदललं ते अन्न, घरं, शिक्षण, दवाखाने आणि औषधं.

मेसेजमध्ये एक अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं, मामाने तेच धरून ठेवलंय म्हणून तर जास्तच. दीर्घायुष्य घराण्यात चालतं. लायडनच्या त्या कुटुंबांमध्ये मृत्यूचं प्रमाण त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यांच्या जोडीदारांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही. एकाच चुलीवरचं खाणारी, एका छपराखाली राहणारी माणसं, आणि लाभ रक्ताच्या नात्यालाच. तेव्हा आजीचा वारसा मामाला काहीच नाही असं मी म्हणत नाही. असेल. पण कमी धोका म्हणजे धोकाच नाही, असं होत नाही. आणि १८४ हा आकडा असलेल्या माणसाने तर त्या सरासरीवर विसंबून राहूच नये.

राहिली चाचणीची लिंक. जेमतेम एका जनुकाचं कोडं सुटलेलं असताना थुंकीवरून आयुष्याची वर्षं कोण सांगणार? अमेरिकेतल्या एका गटाने २०१० साली 'सायन्स'मध्ये दावा केला होता की १५० जनुकीय खुणांवरून कोण शंभरी गाठेल ते ७७ टक्के अचूक ओळखता येतं. जगभर गाजावाजा झाला. मग तपासणीच्या पद्धतीतले दोष निघाले आणि २०११ साली लेखकांनी तो निबंध मागे घेतला. शिवाय गेहामध्ये प्रत्येक प्रदेशातल्या वृद्धांची तुलना त्याच प्रदेशातल्या, त्यांच्याहून लहान वयाच्या लोकांशीच केली होती, कारण डेन्मार्कचं इटलीला लागू पडेलच असं नसतं. मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएबद्दलचे गेहाचे निष्कर्ष तर लोकसमूहागणिक वेगळे निघाले. मग ते कराडच्या माणसाला लावून वर त्याचे हजारो रुपये कोण घेतंय? त्या लिंकवर जाऊ नका.

शेवटचं सांगायचं ते निबंधातलं नाही, आमच्या घरातलं आहे. ज्या आजीच्या चौऱ्याण्णव वर्षांचा मामाने दाखला दिला, ती आजी बासष्टाव्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी घेत होती. स्टीलच्या गोल डबीत, देवघराच्या फळीवर. सकाळी चहाच्या आधी एक. बत्तीस वर्षं. आणि दर महिन्याला औषधांच्या दुकानातून पट्टी आणून त्या डबीत ठेवणारा मामाच होता. मी हे फोनवर म्हटलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मामी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळी पुन्हा सुरू झाली आहे, परवाचा आकडा १४२ होता. मामाने पाठवलेला मेसेज अजून आमच्या ग्रुपवर आहे, आता तो सगळ्यांच्या फोनवरून काढता येत नाही म्हणे. म्हणून हे सगळं मी त्याच्याखालीच टाकते आहे. ज्या ज्या ग्रुपवर तो पुढे गेलाय, तिथे तिथे हेही जाऊ द्या.