दिवाळीला बिस्कीट, मग नाणे का नाही?

लंडनमधल्या वेम्ब्लीत, ईलिंग रोडवर शनिवारी संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. या खेपेला वाद पेटला तो रॉयल मिंटने २०२१ साली काढलेल्या, लक्ष्मीची प्रतिमा असलेल्या २० ग्रॅमच्या सोन्याच्या बिस्किटावरून. नाणी जमवणाऱ्या मित्राच्या मते ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने आपल्या देवतेला दिलेला तो मोठाच मान होता.

मला हे पटत नाही. बिस्किटावर दर्शनी मूल्य नसते आणि राजा-राणीचा चेहराही नसतो, त्यामुळे तो राष्ट्राने केलेला गौरव न ठरता सोन्याची विक्री ठरते. याच टांकसाळीने चिनी नववर्षासाठी २०१४ पासून प्राण्यांच्या चित्रांची खरीखुरी नाणी काढली. दिवाळीच्या वाट्याला बिस्कीट आले आणि पुढच्याच वर्षी ईदलाही काबाचे चित्र असलेले बिस्कीटच मिळाले.

“अरे, पण त्याच दिवाळीत गांधीजींचे पाच पौंडांचे नाणे जाहीर झाले ना?” मित्राने विचारले. कमळ कोरलेले ते नाणे देखणे आहे, पण तेही संग्राहकांच्या डबीसाठीच होते.

वहिनी म्हणाल्या, “ब्रिटन विविधतेने घडले, असे सांगणारी पन्नास पेन्सची सुमारे एक कोटी नाणी २०२० साली चलनात आली. सुट्ट्या पैशांत ते नाणे ज्याच्या हाती पडते, त्याला ते आपोआप वाचावे लागते. आपला सण आपणच विकत घेऊन कपाटात ठेवला, तर शेजाऱ्याला तो कळणार कसा?”

काकांचा आक्षेप मात्र वजनदार होता. “आपण पैशाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो. लक्ष्मीची प्रतिमा चलनात आणलीत, तर ती रोज कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली येईल.” दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर लक्ष्मी होती आणि महंमद घोरीनेही तिची प्रतिमा आपल्या नाण्यांवर ठेवली होती, हे मित्राने लगेच सांगितले, पण सोन्याची ती नाणी आजच्या पन्नास पेन्ससारखी फुटपाथवर घरंगळत नसावीत, हे काकांचे उत्तर मला योग्य वाटले.

म्हणून मी सुचवले की देवतेऐवजी पणती कोरावी, किंवा रांगोळी, किंवा आकाशकंदील. काकांनी पणतीला होकार दिला, वहिनींनी त्याच वर्षी ईदच्या चंद्रकोरीचेही नाणे निघावे अशी अट घातली, आणि मित्र मात्र चलनात झिजलेले नाणे संग्रहात कोण ठेवणार, हेच विचारत राहिला.