दोनशे म्हणजे काय रे?

सोसायटीच्या ८४ फ्लॅटची माहिती एका कार्यालयाच्या साइटवर भरायची होती. फ्लॅटगणिक एक फॉर्म, फॉर्मला २३ रकाने, एक्सेल चढवायची सोय नाही. आयटीवाला म्हणून काम माझ्या गळ्यात. फॉर्म आपोआप भरायला पायथॉनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम खरडला, ८४ पोस्ट रिक्वेस्ट सोडल्या, म्हणजे ८४ भरलेले फॉर्म सर्व्हरकडे धाडले. ८४ वेळा उत्तरात २०० हा आकडा आला. साइटवर नोंदी शून्य.

सेक्रेटरी काका शेजारी चिवडा खात बसले होते. त्यांची हयात आवक-जावक विभागात गेलेली.

"दोनशे म्हणजे काय रे?"

"सर्व्हर म्हणतो, ठीक आहे."

"पावती दिली?"

"नाही."

"आवक क्रमांक?"

"नाही."

"मग ठीक काय आहे?" त्यांनी एक शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. "आलेलं पान वाच की."

वाचलं. आत लाल अक्षरांत एकच ओळ: टोकन अवैध. म्हणजे नकारच, पण 'ठीक आहे'च्या पाकिटात घालून. मुलगी पसंत नसली की पत्रिका जुळत नाही म्हणणारी माणसं परवडली, निदान नकार पोचतो तरी.

मग मी काकांना सीएसआरएफ टोकन समजावू लागलो. फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना असतो, त्यात साइटने दिलेली अगम्य अक्षरं. आधी पान मागायचं, ती अक्षरं उचलायची आणि त्याच सेशनच्या कुकीसह...

"पितळी टोकन!" काका म्हणाले. "बँकेत मिळायचं ना? त्याशिवाय कॅशियर मान वर करायचा नाही. तू तसाच खिडकीत हात घातलास."

चौदा वर्षं पगार घेतोय मी या कामाचा.

टोकन घेतलं. बाराव्या फॉर्मनंतर ४२९.

"आता काय म्हणतो?"

"फार घाई करतोस म्हणतो."

"बरोबर आहे त्याचं."

बरोबर कसलं? एकाच सोसायटीचा पत्ता ८४ वेळा मागायचा, पिनकोड प्रत्येक फॉर्ममध्ये दोनदा, आणि वर घाई नको! हा फॉर्म बनवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी तो भरला असेल का? प्रत्येक फॉर्मनंतर दहा सेकंद थांबायची ओळ घातली, तर तेवढ्यात सेशनच संपलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. तो येतो अध्यक्षांच्या मोबाइलवर, आणि अध्यक्ष दुपारी झोपतात.

तासाभराने ते उठले. ओटीपी टाकून लॉगिन झालं, तशी काकांनी चिवड्याची बोटं सदऱ्याला पुसली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"बारा झालेत ना? तेरावा वाच. सावकाश."