आठ चालींत चितपट

कोल्हापुरात हरलेल्या पैलवानाला लोक सोडतात, हरलेल्या बुद्धिबळपटूला नाही. खासबागेत पाठ टेकली की ती सगळ्या मैदानानं बघितलेली असते, सांगण्यासारखं काही उरत नाही. इथं मात्र बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलच्या बाहेर पाऊल पडायचा अवकाश, पहिला प्रश्न येतो, "कितव्या चालीत?" "आठव्या," म्हटलं की समोरचा हातातला चहाचा कप खाली ठेवतो आणि पुन्हा विचारतो, "अठ्ठावीस?"

माझ्यासमोर पटावर बसले होते गुळाच्या अडतीवर आयुष्य काढलेले एक काका. अडतीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: आधी खडा चाखायला द्यायचा, मग अख्खा रवा, म्हणजे ढेपच, गळ्यात. पटावरच्या प्रत्येक घराला अक्षर आणि आकडा असं नाव असतं. मी पांढऱ्या मोहऱ्यांनी डी४ केलं, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं. त्यांनी ई५ करून राजासमोरचं प्यादं फुकट पुढं सरकवलं. याला एंग्लुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे मुद्दाम प्यादं देऊन केलेली सुरुवात) म्हणतात, स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंड यांच्या नावानं. जाणकार याला फालतू ओपनिंग, म्हणजे डावाची फालतू सुरुवात, म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण फालतू ओपनिंगला हसताना जरा जपून. १९८० साली इंग्लंडच्या टोनी माइल्सनं जगज्जेत्या कार्पोवच्या ई४ ला पहिल्याच चालीत ए६ असं, कडेचं प्यादं एकच घर सरकवून, उत्तर दिलं होतं आणि डाव जिंकला होता.

तर मी प्यादं मारलं. काकांचा घोडा सी६ वर, माझा एफ३ वर. त्यांचा वजीर ई७ वर, माझा उंट एफ४ वर. मग काकांचा वजीर बी४ वर येऊन शह. त्या एका घरातून वजीर राजाकडे, एफ४ च्या उंटाकडे आणि बी२ च्या प्याद्याकडे असा तिन्हीकडे बघत होता. उंट डी२ वर मागं घेतला की शहही मिटतो आणि उंटही वाचतो. बी२ चं प्यादं तेवढं जातं. जाऊ दे. इथवर बिघडलेलं काहीच नसतं, उलट पांढरा मजेत असतो.

बिघडलं सहाव्या चालीत. उंट सी३! वजिरावर हल्ला, कोपऱ्यातल्या हत्तीला राखण, एका दगडात दोन पक्षी. इतकी देखणी चाल दिसल्यावर विचार कोण करतो? काकांनी काळा उंट अलगद बी४ वर आणून ठेवला. आता माझा उंट राजासमोर जखडलेला. काकांचा वजीर शेजारच्याच घरात बसलाय, पण त्याला मारायची सोय नाही. बी४ चा उंट मारावा, तर ए१ चा हत्ती उघडा. मी वजीर डी२ वर आणला, काकांनी सी३ चा उंट मारला, मी वजिरानंच परत मारलं. आणि त्यांचा वजीर सी१ वर, मात. माझा वजीर त्याच उभ्या रांगेत, पण मध्ये माझंच सी२ चं प्यादं उभं. घरचाच माणूस दारात आडवा.

"अवो, घोडं उठवायचं हुतं की," काका सह्या करता करता म्हणाले. "एवढी घाई कशाला केलासा?"

घोडं म्हणजे बी१ चा. सहावी चाल घोडा सी३, हीच या डावाची तोड. घोडा उठला की पहिली रांग मोकळी होते आणि डी१ चा वजीर थेट ए१ च्या हत्तीला राखतो. पुढं हत्ती बी१ वर आणून काळ्या वजिराला पळवायचं. काळ्यानं उंट बी४ वर आणलाच, तर हत्ती बी१, वजीर ए३, हत्ती बी३, वजीर ए५. तोवर त्याचा वजीर घरोघरी भटकून दमतो आणि आपली मोहरी बाहेर पडतात. तालमीत पोरांना डावाबरोबर त्याची तोडही शिकवतात. आपण मात्र डावाचं नाव पाठ करतो आणि स्वतःला तयार समजतो.

आता घरी आल्यावर काय करायचं? मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारं ॲप, आधी उघडायचं नाही. ते एक आकडा दाखवतं, चाल दाखवतं आणि आपण "हां हां, माहीत होतं" म्हणून झोपतो. आधी लाकडी पट मांडायचा. पाचव्या चालीनंतरची स्थिती लावायची, सुचतील त्या तीन चाली कागदावर लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे काळ्याचं आपल्याला सगळ्यात जड जाणारं उत्तर. शह, मार, धमकी, याच क्रमानं शोधायचं. उंट बी४ सापडायला साधारण एक मिनिट लागतं. ते एक मिनिट हॉलमध्ये का नव्हतं?

याचं उत्तर स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, सापडतं. चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहून ठेवायची. नियमात ते चालतं. माझ्या सहाव्या चालीपुढे ९२ मिनिटं लिहिलेली आहेत. डाव ९० मिनिटांचा, दर चालीला वर ३० सेकंद. म्हणजे बसलो तेव्हापेक्षा माझ्याकडे दोन मिनिटं जास्त होती. मी विचार न करता वेळ साठवत होतो, बँकेत ठेव ठेवल्यासारखा, आणि आठव्या चालीनंतर ती सगळी बुडाली.

इंजिन त्यानंतर, आणि तेही आपला कागद पुढं ठेवून. मग त्याच स्थितीतून कुणालातरी काळा देऊन चार-पाच डाव खेळायचे. मित्र कंटाळतात. त्यांना तांबडा-पांढरा रस्सा कबूल करावा लागतो, आणि हा खर्च स्पर्धेच्या प्रवेश फीपेक्षा जास्त होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

चौथ्या फेरीत काकांच्या पटापाशी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. समोरच्यानं डी४ ऐवजी ई४ केलं होतं. काका वीस मिनिटं झाली तरी पटाकडे नुसते बघत बसले होते.