अज्ञात जांभळा द्रव

परवा सोसायटीच्या फलकावर माझं नाव लागलं. फलकावर नाव लागायची आयुष्यातली ही दुसरी वेळ. पहिल्यांदा लागलं होतं ते अकरावीच्या प्रवेशाला, आणि तेही प्रतीक्षा यादीत. या वेळी मात्र थेट पहिला क्रमांक: ‘ओपन पार्किंगमध्ये अज्ञात जांभळा द्रव सोडणे व पिण्याच्या पाण्याचा अपव्यय करणे. दंड रु. 500.’

अज्ञात म्हणे! त्या द्रवाचं नाव, गाव, गोत्र सांगायला मी एका पायावर तयार होतो. कुणी विचारलंच नाही. आणि ‘पिण्याचं पाणी’ म्हणाल तर पार्किंगमधल्या त्या नळाला बोअरचं पाणी येतं. आमच्या आवारातलं कुत्रंसुद्धा त्याला तोंड लावत नाही, पलीकडच्या इमारतीत जाऊन पितं.

गुन्हा एवढाच, की मी गाडीची चाकं धुतली. गाडी नव्हे, फक्त चाकं. मे महिन्यात ताम्हिणी घाटाने दिवेआगरला जाऊन आलो, आणि शोरूममध्ये जी चाकं पाहून बायको “ही घेऊ या” म्हणाली होती ती चुलीवरच्या तव्यासारखी दिसू लागली. डायमंड कट अलॉय. गावाकडे याला अजून ‘मॅगव्हील’च म्हणतात, पण मॅग्नेशियम त्यात नावापुरतं; बाकी सगळं ॲल्युमिनियम आणि साधारण 7 टक्के सिलिकॉन. लेथवर चाकाचा दर्शनी भाग तासून चकाकी काढतात आणि वर पारदर्शक लॅकरचा पातळ थर देतात. आपण पैसे मोजतो ते त्या थराखालच्या चकाकीचे, आणि त्रास होतो तो त्या थराचा.

कारण ते काळं म्हणजे चिखल नसतो. चिखल असता तर पाण्याने गेला असता. ती ब्रेकची धूळ. घाट उतरताना ब्रेक पॅड आणि लोखंडी डिस्क एकमेकांना घासतात, तापलेले लोखंडाचे बारीक कण उडतात आणि लॅकरमध्ये रुततात. मग ते तिथेच गंजतात. पुढची चाकं जास्त काळी, कारण थांबवायचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. त्यांची धूळ ड्रमच्या आतच राहते. प्रतिष्ठित घराण्यासारखं. भानगडी आहेत, पण बाहेर दिसत नाहीत.

कोपऱ्यावरचा वॉशिंगवाला म्हणाला, “ॲसिड मारतो, दोन मिनिटांत चकाचक.” दोन मिनिटांत होतंही. फक्त जिथे लॅकरला टवका गेलेला असतो तिथून ते आत शिरतं, आणि काही महिन्यांनी लॅकरखाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेघा पसरतात. मग चाक पुन्हा लेथवर. म्हणून मी स्वतः करायचं ठरवलं. माझ्या आयुष्यातले सगळे दंड ‘स्वतः करायचं ठरवलं’ या वाक्यानंतरच आलेले आहेत.

रविवारी सकाळी सात वाजता, चाकं गार असताना, ऊन यायच्या आत, पहिली बादली भरून आणली. मागून आवाज आला.

“एक.”

वळून पाहिलं तर नाना. सी विंगच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

“काय एक, नाना?”

“बादली.”

“हो, एकच आहे.”

“अजून तरी.”

मी चाकावर पाणी ओतलं. सुटी माती वाहून गेली. बादली घेऊन नळाकडे निघालो.

“दोन.”

“अहो, रिकामी नेतोय.”

“भरूनच आणणार ना? मागणी आधी नोंदवावी लागते. कालव्याचं आवर्तन सुटल्यावर नोंदवून काय उपयोग?”

इथे एक सांगायला हवं. चाकं नीट धुवायची तर दोन बादल्या लागतातच: एक साबणाची, दुसरी फडकं खळबळून काढायला. एकाच बादलीत बुडवलं तर चाकाची वाळू फडक्यात, फडक्याची पुन्हा चाकावर, आणि लॅकरवर ओरखडेच ओरखडे. आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यात 22 गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ बाविसाव्या गाडीपर्यंत सगळ्यांना सारखी वाटली जाते. समाजवादाचा एवढा यशस्वी प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही. नानांच्या दृष्टीने तो मुलगा आदर्श आहे. हे सगळं मी नानांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तीन.”

“नाना, हे बोअरचं पाणी आहे हो. धरणाचं नाही.”

“आणि बोअरमध्ये कुठून येतं? तुझ्या सासुरवाडीहून?”

“पण नऊ-दहा बादल्यांनी काय होतंय?”

ही चूक झाली. ‘नऊ-दहा’ हा शब्द नानांनी झेलला आणि वर्तमानपत्राच्या समासात लिहून ठेवला. मग खुर्ची जरा पुढे ओढली. “पानशेत फुटलं तेव्हा मी 12 वर्षांचा होतो. 12 जुलै 1961. शनिवारातल्या वाड्याच्या माळ्यावर बसून पाणी चढताना पाहिलंय मी. मला पाणी शिकवू नकोस.”

“तेव्हाही मोजत होतात?”

“जिन्याच्या पायऱ्या. अकरा बुडाल्या.”

यावर काय बोलणार? मी गप्प बसून चाकाच्या आरीत ब्रश घालू लागलो. माणूस माळ्यावर बसून पायऱ्या मोजतो, तर मोठेपणी पाटबंधारे खात्यात जाणार नाही तर कुठे जाणार? पण सहानुभूती वाटायला लागली तेवढ्यात “चार” ऐकू आलं आणि ती ओसरली.

रात्री मी हिशेब केला. माझी बादली 15 लिटरची. एकूण नऊ झाल्या, म्हणजे 135 लिटर. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा 1.97 टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे साधारण 2,830 कोटी लिटर. या गतीने, दर रविवारी न चुकता चाकं धुतली, तर खडकवासला रिकामं करायला मला 79 लाख वर्षं लागतील. वर पाऊसच पडला नाही असं धरून. हे नानांना सांगायला गेलो तर म्हणाले, “बाष्पीभवन धरलंस का?”

असो. सहाव्या बादलीच्या सुमाराला मी तो द्रव काढला. बाटलीत पाण्यासारखा दिसतो. गार, कोरड्या चाकावर फवारायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचा नाही. त्यात थायोग्लायकोलेट असतं. ते रुतलेल्या लोखंडाच्या कणांना पकडून सोडवतं आणि तसं करताना जांभळं होतं. जेवढं लोखंड जास्त, तेवढा रंग गडद. माझ्या डाव्या पुढच्या चाकातून जे ओघळू लागलं त्याला जांभळं म्हणणं हा सौजन्याचा भाग झाला.

बी विंगमधल्या काकू भाजी घेऊन येत होत्या. त्या थबकल्या, ओघळाकडे पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं, आणि दबक्या आवाजात विचारलं, “मांजर का हो?”

“नाही काकू, लोखंड.”

त्यांना ते उत्तर मांजरापेक्षा भयंकर वाटलं असावं. त्या भाजीची पिशवी छातीशी धरून जवळजवळ पळाल्या. अज्ञात द्रवाची तक्रार कुणी केली ते मला माहीत नाही, पण पळण्याची दिशा सेक्रेटरींच्या फ्लॅटकडे होती.

मग वास सुटला. सडक्या अंड्याचा, वर कसलासा सुगंध मारलेला. बायको गॅलरीत येऊन म्हणाली, “अगदी पार्लरसारखा वास येतोय.” बरोबरच होतं. केस कुरळे करायच्या औषधात आणि केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातली रसायनं असतात. नानांनी नाकाला रुमाल लावला, पण खुर्ची सोडली नाही. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. रुमालातून आवाज आला, “हे धुवायला आणखी दोन लागणार.” लागल्याच.

उरलेले डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढले. आमच्या रस्त्यावर वर्षातून तीनदा डांबर पडतं. एकदा रस्ता करताना आणि दोनदा खणलेला बुजवताना. त्यातलं निम्मं रस्त्यावर राहतं, बाकीचं नागरिकांच्या चाकांवर समप्रमाणात वाटलं जातं. डाव्या पुढच्या चाकावर शिवाय क्षाराचे पांढरे डाग होते. ते घासून घासून काढले. हे डाग याच चाकावर का, हे मला ठाऊक आहे. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप मध्येच तुटलाय, आणि तो बरोबर तिथे गळतो. दोन वर्षांपूर्वी सभेत मी हा विषय मांडला होता. ‘मुद्दा नोंदवला’ असं उत्तर मिळालं. आमच्या सोसायटीत मुद्दे नोंदवण्यासाठी एवढी जागा कुठून येते कोण जाणे, गाड्या लावायला तर नाही.

शेवटचं काम संरक्षणाचं. चाकं कोरडी करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवायचा, मग सिरॅमिक कोटिंगचे चार थेंब स्पंजवर घेऊन उभं-आडवं लावायचं आणि लगेच मऊ कापडाने पुसायचं. मेण लावून फारसा उपयोग नसतो. चाक तापतं, मेण टिकत नाही. 50 मिलीच्या बाटलीला मी 1,800 रुपये दिलेत, म्हणजे आमच्या घरात तुपालाही एवढा मान नाही. अट एकच: पुढचे 24 तास पाण्याचा थेंब लागता कामा नये.

कुत्र्यांचा विचार मी आधीच केला होता. त्यांना धुतलेलं चाक लांबूनच कळतं. चारही चाकांना प्लायवुडचे तुकडे टेकवले, शेजारी निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. बाटल्यांना कुत्री घाबरतात असं सगळे म्हणतात. कुत्र्यांनी तसं काही कबूल केलेलं नाही, पण सगळ्यांच्या असतात म्हणून आपल्याही. या चार बाटल्या भरायला गेलो तेव्हा नाना क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, “हे किरकोळ सदरात टाकतो.”

सोमवारी सकाळी फलक लागला. तो वाचूनच मी पार्किंगमध्ये गेलो. 6:40 झाले होते. वॉचमनने सहा वाजता पंप सुरू केला होता आणि तो चहाला गेला होता, रोजच्यासारखा. वरून धो धो पाणी पडत होतं. प्लायवुडचा तुकडा आडवा झाला होता, निळी बाटली गेटपर्यंत वाहत गेली होती, आणि माझं डावं पुढचं चाक 22 तासांच्या कोटिंगवर बोअरच्या पाण्याने सचैल स्नान करत होतं.

मी कालचीच बादली आणून धारेखाली धरली. 12 सेकंदांत भरली. ओतली, पुन्हा धरली. पुन्हा 12. हे रोज 20 मिनिटं चालतं. म्हणजे 100 बादल्या.

नाना फिरून येत होते. मी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेल्या अवस्थेत त्यांना आडवा गेलो. “नाना, मोजा ना! शंभर होतात रोज!”

नानांनी वर पाइपकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी चुकवत बाजूने पुढे सरकले.

“हा वहनव्यय,” ते म्हणाले. “वाटेत वाया जाणारं पाणी. हा बादल्यांत नसतो धरायचा.”